जुन्या फोर बाय फोरसाठी फ्युएल पंप निवडताना

कसाऱ्याच्या चढाला गाडी झटके देते, सायनच्या ट्रॅफिकमध्ये गरम होऊन बंद पडते आणि वीस मिनिटांनी काहीच न करता सुरू होते, किंवा सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. अशा गाडीबद्दल गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, "पंप गेला." कधी ते खरं असतं. पण बरेचदा नवा पंप बसतो, आठवडाभर गाडी बरी चालते आणि पुन्हा तेच सुरू होतं, कारण पंपाला मारणारा कचरा, गंज किंवा कमकुवत वायर जिथल्या तिथेच राहिलेली असते.

पंप निवडताना दोन आकडे लागतात: दाब आणि पुरवठा. कंपनीचं नाव त्यानंतर. हे दोन आकडे आपल्या गाडीवर मोजल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

आधी पंपाला निर्दोष धरून तपासा

सर्वात स्वस्त तपासणी टाकीच्या झाकणाची. गाडी चाचपडू लागली की थांबून झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा 'सूं' असा आवाज आला आणि गाडी लगेच सुधारली, तर झाकणाचं किंवा ब्रीदरचं (टाकीत हवा येण्याच्या नळीचं) भोक चिखलाने बुजलंय. टाकीत हवा शिरत नसेल तर कितीही ताकदीचा पंप तेल, म्हणजे पेट्रोल किंवा डिझेल, ओढू शकत नाही. पाण्याचिखलात फिरणाऱ्या गाड्यांत हे फार घडतं.

मग फिल्टर. जुना फिल्टर काढला की तो लगेच फेकू नका. त्यातलं तेल उलट्या दिशेने, म्हणजे ज्या तोंडाने ते आत येतं त्या तोंडातून, पांढऱ्या ताटलीत ओता आणि फिल्टर दोनदा ठोका. तांबूस, लोखंडी भुकटी आली तर टाकी आतून गंजलीय. काळे, बोटाने चिरडता येणारे कण म्हणजे रबरी पाइप आतून सुटतोय. तळाशी वेगळे फिरणारे थेंब दिसले तर पाणी आहे. या ताटलीत जे दिसतं त्यावर पंपाच्या आधी काय दुरुस्त करायचं ते ठरतं. गंज दिसत असताना नवा पंप बसवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. आधी टाकी उतरवून धुवा, गरज पडल्यास आतून कोटिंग करून घ्या किंवा टाकीच बदला.

तिसरी गोष्ट टाकी ते पंप हा पाइप. पंप ओढतो त्या बाजूला बारीक चीर असली तर तेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. मेकॅनिक म्हणतात, "गाडी एअर घेते." बाहेरून सगळं कोरडं दिसतं म्हणून ही चूक सापडत नाही. पंपाच्या आधी फूटभर पारदर्शक पाइप तात्पुरता लावून इंजिन चालू ठेवा. बुडबुड्यांची माळ दिसली तर क्लिपा, वायसर आणि रबरी तुकडे बदला. पंप तसाच राहू द्या.

पंप इलेक्ट्रिक असेल तर चौथी तपासणी व्होल्टेजची. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर लावा, मग पंपाच्या टर्मिनलवर. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर दोष वायर, रिले किंवा अर्थिंगमध्ये. इथल्या दमट, खाऱ्या हवेत चॅसीवरचा अर्थचा बोल्ट हिरवट होऊन बसतो. बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट आणि पंपाला मिळतात अकरा, मग पंप सावकाश फिरतो, तेल कमी देतो आणि दोष त्याच्या माथी येतो.

तुमच्या गाडीत पंप कोणत्या जातीचा

जुन्या पेट्रोल जीप आणि कार्ब्युरेटरच्या जिप्सी यांत इंजिनावर बसलेला मेकॅनिकल डायफ्राम पंप असतो. कॅमशाफ्ट त्याची दांडी वरखाली करते. गॅरेजमध्ये त्याला सर्रास 'एसी पंप' म्हणतात. १९८५ ला आलेली एक लिटरची जिप्सी आणि १९९६ ची १.३ लिटरची किंग याच प्रकारातल्या. २००० च्या सुमारास आलेल्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) जिप्सीत मात्र पंप टाकीत बुडालेला आणि इलेक्ट्रिक. डिझेल जीपमध्ये टाकीतून तेल आणून एफआयपीला, म्हणजे इंजेक्टरना जोरात डिझेल देणाऱ्या मुख्य पंपाला, पुरवणारा फीड पंप असतो. तो कुठे एफआयपीच्या कुशीला बसलेला प्लंजर पंप असतो, कुठे इंजिनवरचा डायफ्राम पंप.

आता गोंधळ इथे होतो की जुन्या गाडीत मूळ इंजिन असेलच असं नाही. बोनेटखाली काय आहे ते बघा, आरसी बुकावरून पंप मागू नका.

दाब आणि पुरवठा

कार्ब्युरेटरला दाब फार कमी लागतो, साधारण ३ ते ५ पीएसआय (दाब मोजण्याचं एकक). जुन्या विलिस जीपच्या घराण्यातल्या हरिकेन इंजिनाला तर अडीच ते पावणेचार पीएसआय पुरतो. त्याहून जास्त दाब दिला तर कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची नीडल सीटवरून उचलली जाते, कार्ब्युरेटर भरून वाहतो आणि ते पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर सांडतं. आग लागायला एवढं पुरे. म्हणून "जास्त पॉवरचा द्या" असं दुकानात कधीही म्हणू नये.

एमपीएफआयला याच्या जवळपास दहापट दाब लागतो, साधारण अडीच ते तीन बार (एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय). नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. कार्ब्युरेटरचा पंप एमपीएफआयला लावला तर गाडी उठत नाही. एमपीएफआयचा पंप कार्ब्युरेटरला लावला तर वर लिहिलेला धोका ओढवतो.

पुरवठ्याचं गणित सोपं आहे. पूर्ण जोरात चालणारं पेट्रोल इंजिन दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण २२५ ते २३० ग्रॅम पेट्रोल पितं. ८० अश्वशक्तीच्या एमपीएफआय जिप्सीला म्हणजे सुमारे १८ किलो, लिटरमध्ये साडेचोवीस. ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी, म्हणून त्यात सहा-सात टक्के मिळवा: २६ लिटर. वर निम्मी सवलत ठेवली की तासाला ४० लिटर देणारा पंप पुरतो. ६० अश्वशक्तीच्या कार्ब्युरेटर किंगला हाच हिशेब तासाला ३० लिटरवर येतो. बाजारात मिळणारे बहुतेक पंप याहून मोठेच असतात. तेव्हा आकार मोठा घेण्याच्या मागे लागू नका. खोक्यावरचा आकडा कोणत्या दाबावर आणि किती व्होल्टला आहे ते मात्र विचारा. मोकळ्या तोंडाने तासाला १०० लिटर देणारा पंप तीन बारवर बराच कमी देतो.

एमपीएफआय गाडीत मोजायचं तर रेग्युलेटरनंतरचा (रेग्युलेटर म्हणजे दाब ठराविक ठेवणारा भाग) रिटर्न पाइप, म्हणजे उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारा, जाड बाटलीत सोडा, इंजिन बंद ठेवून पंप तीस सेकंद चालवा आणि तेल मोजा. ३३० मिलिलिटरच्या (तासाला ४० लिटर) खाली आलं तर पंप, फिल्टर किंवा जाळी यांपैकी काहीतरी कमी पडतंय. हे काम मोकळ्या जागेत करा, सोसायटीच्या बेसमेंटमध्ये नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली साचते आणि लिफ्टच्या मोटरची एक ठिणगीही तिला पुरते.

एमपीएफआय: सकाळी उशिरा उठणारी गाडी

सेल्फ बराच वेळ मारल्यावरच गाडी सुरू होते आणि नंतर दिवसभर छान चालते, ही तक्रार नीट समजून घेण्यासारखी आहे. रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर) दाबाचं गेज लावा, पंप चालवा, बंद करा आणि काट्याकडे बघा. दाब हळूहळू उतरला तर ठीक. झर्रकन शून्यावर आला तर तेल कुठून तरी मागे पळतंय, आणि वाटा तीनच आहेत: पंपातला चेक व्हॉल्व्ह (तेल मागे जाऊ न देणारा), रेग्युलेटर किंवा गळणारा इंजेक्टर.

पुन्हा दाब चढवा आणि रिटर्नचा रबरी पाइप मऊ क्लॅम्पने दाबून धरा. आता दाब टिकला तर दोषी रेग्युलेटर. टिकला नाही तर पुन्हा दाब चढवून टाकीकडून येणारा रबरी पाइप दाबा. त्याने टिकला तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह किंवा टाकीतला फाटलेला रबरी पाइप. दोन्हीकडून दाबूनही उतरला तर इंजेक्टर. या चाचणीला दहा मिनिटं लागतात आणि ती टाकी उतरवण्याची मेहनत वाचवते. आणखी एक खूण: रेग्युलेटरची व्हॅक्युम नळी काढून वास घ्या. आत पेट्रोल ओलं असेल तर रेग्युलेटरचा डायफ्राम फाटलाय.

टाकीतला पंप घ्यायचा ठरला तर जुना पंप हातात घेऊनच दुकानात जा. व्यास आणि लांबी, आउटलेटची दिशा, कनेक्टर, आणि जाळीदार मोज्याच्या (पंपाच्या तोंडावरच्या गाळणीच्या) तोंडाचा व्यास आणि कोन, हे सगळं जुळलं पाहिजे. मोजा उलट्या कोनात बसला तर तो टाकीच्या तळाला न टेकता वर तरंगतो, आणि पाव टाकी असताना चढावर किंवा आडव्या उतारावर गाडी उपाशी मरते. मोजा दर वेळी नवाच घ्या.

इथे एक चूक चांगले मेकॅनिकही करतात. टाकीच्या आत पंपापासून हँगरच्या (पंप धरणाऱ्या चौकटीच्या) झाकणापर्यंत जो वीतभर रबरी पाइप असतो तो साधा फ्युएल पाइप नसतो. साधा पाइप आतून तेल सहन करतो, बाहेरून नाही. सतत बुडून राहिला की तो काही महिन्यांत फुगतो, मऊ पडतो आणि दाबाने निसटतो किंवा फाटतो. मग पंप नवा असूनही दाब येत नाही. बुडून चालणाऱ्या पाइपवर 'जे३० आर१०' असं छापलेलं असतं. तोच मागा.

मेकॅनिकल पंप

या पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. तिथे बोट फिरवा. पेट्रोलची ओल असेल तर डायफ्राम फाटलाय. काळं इंजिन ऑइल असेल तर दांडीचं सील गेलंय. मग ऑइलची काडी काढून हुंगा. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली आणि पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी त्याच क्षणी बंद करा. डायफ्राम फाटून पेट्रोल संपमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागात) उतरतंय, ऑइल पातळ झालंय आणि बेअरिंगं धोक्यात आहेत. पंप बदलताना ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलणं मग ऐच्छिक राहत नाही.

नवा पंप निवडताना तोंडं मोजा. सुझुकीच्या कार्ब्युरेटर पंपाला तीन असतात: आत, बाहेर आणि रिटर्न. दोन तोंडांचा पंप गळ्यात मारून रिटर्न बुजवला जातो, गाडी थंडीत चालते आणि एप्रिलमध्ये वांद्र्याच्या सिग्नलला वाफ धरून उभी राहते. रिटर्नमधून फिरणारं थंड पेट्रोलच पंपाला गार ठेवत असतं. जुन्या जीपच्या पंपाला कधी कधी वरती दुसरा मजला असतो, व्हॅक्युम वायपरसाठीचा. त्याऐवजी साधा पंप बसवला तर मॅनिफोल्डवरची व्हॅक्युमची नळी नीट बुजवा, नाहीतर इंजिन तिथून हवा घेईल आणि आयडलिंग बिघडेल.

पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बेकेलाइटचा जाड तुकडा असतो. ती नुसती गॅस्केट नसते, ती उष्णता अडवते आणि दांडीची चाल ठरवते. तो काढून टाकला तर दांडी जास्त ढकलली जाते आणि डायफ्राम लवकर फाटतो. वर दोन जादा गॅस्केट घातल्या तर चाल कमी होऊन पुरवठा घटतो. म्हणून जुना तुकडा मोजून त्याच जाडीचा घाला. बसवताना क्रँक हाताने फिरवून दांडी कॅमच्या खोलगट बाजूला आणा. तसं केलं की पंप हाताच्या जोराने टेकतो. बोल्टने ओढून बसवला तर फ्लँजचा कान तुटतो.

जुन्या पंपाची बॉडी सपाट असेल, दांडीचा घासलेला भाग खड्डेदार नसेल, तर डायफ्राम आणि व्हॉल्व्हचा किट टाकून तोच जगवावा. जुन्या बॉडीची धातू आणि मापं अनेक नव्या पंपांपेक्षा सरस असतात. किट टाकल्यावर आत घेणाऱ्या तोंडावर अंगठा दाबून दांडी हलवा. अंगठा ओढला जाऊन काही सेकंद धरून राहिला पाहिजे.

मेकॅनिकलच्या जागी इलेक्ट्रिक

मूळचा मिळतच नसेल तर हे करायला हरकत नाही, पण तीन अटी पाळा.

पहिली, जुना मेकॅनिकल पंप मध्ये ठेवू नका. त्याचा डायफ्राम फाटला तर इलेक्ट्रिक पंप इमानेइतबारे सगळं पेट्रोल संपमध्ये ओतत राहील. पंप काढा आणि त्या जागी पट्टी व गॅस्केट लावून भोक बंद करा.

दुसरी, पंप टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली बसवा. हे पंप ढकलतात छान, ओढतात वाईट. दाब ३ ते ५ पीएसआयच्या आतला घ्या. जास्तीचा असेल तर रेग्युलेटर लावा आणि गेजवर खात्री करा. पंपाच्या आधी जाड जाळीचा फिल्टर, नंतर बारीक. आधीच बारीक फिल्टर लावला तर पंप ओढून ओढून दमतो.

तिसरी अट सर्वात महत्त्वाची. पंप थेट इग्निशनला जोडू नका. गाडी आपटली आणि पाइप तुटला, तर इग्निशन चालू असेपर्यंत पंप रस्त्यावर पेट्रोल ओतत राहतो. रिलेची कॉइल ऑइल प्रेशर स्विचमधून न्या, म्हणजे इंजिन थांबलं की पंप थांबेल. सेल्फ मारताना तो चालावा म्हणून स्टार्टरकडून दुसरी वाट द्या. वायर अडीच चौरस मिमीची, फ्युज बॅटरीजवळ आणि पंपाच्या अँपिअरला साजेसा.

डिझेल

डिझेलमध्ये फीड पंपाचा दोष आणि हवेचा दोष हुबेहूब सारखे दिसतात, म्हणून पारदर्शक पाइपची चाचणी इथे दुप्पट मोलाची. प्रायमर (फीड पंपावरचा हाताने मारायचा छोटा पंप) दाबत राहूनही तो कडक होत नसेल तर एक तर हवा येतेय किंवा फीड पंपाचे व्हॉल्व्ह धरत नाहीत. फीड पंपाचं आत घेणारं तोंड वेगळ्या डिझेलच्या कॅनला छोट्या पाइपने जोडा आणि प्रायमर मारा. आता कडक झाला तर दोष टाकीकडच्या पाइपमध्ये, नाही झाला तर पंपात.

प्लंजर पंपात आधी व्हॉल्व्ह, स्प्रिंगा आणि वायसरचा किट टाकून पाहा. आतलं सिलिंडर घासलं असेल तरच पूर्ण पंप घ्या. नवा घेताना एफआयपीवरची बोल्टांची मांडणी आणि दांडीची लांबी जुळवा. तांब्याचे वायसर जुने वापरू नका, एअर घेण्याचं निम्मं कारण तेच असतं.

एअर काढताना क्रम पाळा: आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग एफआयपीवरचा, शेवटी सेल्फ मारत इंजेक्टरकडचे नट. इंजेक्टरच्या नटापाशी बोट नेऊ नका, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं आणि ती जखम दिसते त्याहून फार गंभीर असते. काम झाल्यावर प्रायमरची मूठ फिरवून खाली घट्ट करायला विसरू नका.

ई२० आणि जुनं रबर

२०२३ पासून मिळू लागलेलं ई२० आता मुंबईत बहुतेक ठिकाणी तेवढंच मिळतं. इथेनॉल जुन्या नायट्राइल रबराला फुगवतं, टाकीतला जुना चिकट थर सोडवतं आणि पावसाळी हवेतली ओल ओढतं. म्हणून डायफ्रामचा किट घेताना इथेनॉलला चालणाऱ्या रबराचा आहे का ते विचारा आणि बाहेरचे पाइप 'जे३० आर९' छापाचे घ्या. जुन्या टाकीत ई२० पहिल्यांदा भरल्यावर फिल्टर लवकर चोंदतो. पहिल्या काही टाक्या एक जादा फिल्टर गाडीत ठेवा. गाडी पावसाळ्यात उभीच राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत ओल धरते.

मुंबईत खरेदी

नव्या मालासाठी ऑपेरा हाउसची ऑटो पार्ट्सची दुकानं, जुन्या जीपच्या ब्रॅकेटपासून फ्लँजपर्यंत सुट्या वस्तूंसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. कुर्ल्याहून मेकॅनिकल पंपाची बॉडी, टाकीतलं हँगर, झाकणाची रिंग जरूर घ्या. वापरलेला इलेक्ट्रिक पंप मात्र घेऊ नका. तो किती कोरडा फिरलाय ते बाहेरून कळत नाही. काउंटरवर 'चेक करून देतो' म्हणत बारा व्होल्टला कोरडा फिरवून दाखवला तर तोच पंप घेऊ नका, तेल हेच त्याचं वंगण आहे.

नकली ओळखायला खोक्यापेक्षा पंप बघा. प्लास्टिकच्या कडेला धार असेल, कनेक्टर सैल बसत असेल, बॉडीवरचा क्रमांक पुसट असेल आणि खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळत नसेल तर परत द्या. बिल घ्या.

बसवताना

एमपीएफआयमध्ये आधी पंपाचा रिले काढा, गाडी सुरू करून बंद पडू द्या, म्हणजे दाब उतरतो. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा. अग्निशामक हाताशी ठेवा. काढलेलं जुनं पेट्रोल गटारात ओतू नका.

टाकी अर्ध्याहून कमी असतानाच उतरवा. हँगरची सीलिंग रिंग नवी घाला. एमपीएफआयच्या पाइपला दात्यांची क्लिप रबर कापते, गोल कडेची इंजेक्शनची क्लिप वापरा. नवा पंप कधीही कोरडा चालवू नका: टाकीत किमान दहा लिटर घाला, चावी तीन-चार वेळा चालू-बंद करून लाइन भरू द्या आणि मगच सेल्फ मारा. प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून ओल तपासा. गेज लावलेलंच राहू द्या आणि एक्सलेटर दाबून काटा पाहा.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर नवा फिल्टर काढून पुन्हा त्याच पांढऱ्या ताटलीत उलटा ठोका. ताटलीत तांबूस भुकटी पुन्हा दिसली, तर टाकी पुन्हा खाली उतरवा.